नवं कशावरून?

देवणीच्या तहसीलसमोर एक जुना लिंब आहे. त्याच्या सावलीत आम्ही नऊ जण बसायचो. मी शंभराचे बॉन्ड विकतो, बाकीचे आठ जण लोकांचे अर्ज लिहून देतात. त्या आठांत बाई एकच, सिंधु सोनकांबळे. तिच्याबद्दल लिहा असं मला कुणी सांगितलेलं नाही. पण तिच्याविरुद्धच्या एका ठरावाला मी हात वर केला होता. तो हात मला अजून खुपतो, म्हणून लिहायला बसलोय.

सिंधुबाई त्या झाडाखाली बावीस वर्षं बसत होती. टाइपरायटर बिदरच्या एका बंद पडलेल्या ऑफिसातून आणलेला, भंगाराच्या भावात. त्याचा 'ज्ञ' उमटायचा नाही, तो ती पेनाने काढायची. खेड्यातली माणसं यायची, उकिडवी बसायची आणि सांगायला लागायची, "लिवा, माय-बाप सरकार, तुमच्या पायाशी..." की हिची बोटं थांबलीच.

"कुनाच्या पायाशी?" ती विचारायची. "भीक मागून राहिलात का हक्काचं मागून राहिलात? नीट उठून बसा आधी, मग सांगा."

आणि माणूस खरंच नीट उठून बसायचा. तिच्या अर्जात 'विनंती' एकदाच यायची, वरच्या ओळीत, रिवाज म्हणून. खाली सगळीकडे 'मागणी'. अशा अर्जांची कामं जास्त व्हायची की नाही ते मला ठाऊक नाही, पण तिच्यापुढे रांग लागायची आणि बाकीच्यांपुढे माशा. हे बाकीच्यांच्या पोटात दुखायचं. माझ्या नाही, मी बॉन्ड विकतो, माझं काय जातं?

त्या साली, म्हणजे दोन हजार सोळात, दुष्काळ असा होता की लातूरला रेल्वेने पाणी आणायची भाषा चालली होती. आमच्याकडे अर्ज म्हणजे टँकरचे, चारा छावणीचे, बोअरचे. दुसरीकडे उदगीर जिल्हा होणार, होणार म्हणून हवा उठलेली. घशाला कोरड पडली होती तरी लोक जिल्ह्यावर तासन् तास बोलायचे. आमच्या अर्जनवीस मंडळाचे अध्यक्ष चन्नबसप्पा यांच्या तर अंगातच आलं होतं. देवणी तालुका राहणार, तालुकाच. पण अप्पांचं म्हणणं असं, "जिल्हा जवळ येऊन राहिला. आपली लाईन जिल्ह्याला शोभली पायजे." टाइपरायटरची परीक्षाही बंद होणार असं कानावर येत होतंच.

तर ठराव झाला. पाडव्यापासून लिंबाखाली तोच बसेल ज्याच्या घरी स्वतःचा चालू कॉम्प्युटर आहे. मंडळाने पाडव्याआधीच्या रविवारी घरी जाऊन बघायचं. ज्याचा नाही त्याने सावली सोडायची, पलीकडे शेडच्या भिंतीशी उन्हात बसायचं. दिसायला ठराव सगळ्यांना सारखा. पण दोघांच्या घरी कॉम्प्युटर होते, पाच जणांनी अप्पांच्या कानात सांगितलं की ठरवलाय, येतोय, आणि अप्पांनी मान डोलावली. घरी जाऊन बघायचं उरलं एकाच घरी. हे मला हात वर करतानाच कळलं होतं. सगळ्यांनी केला म्हणून मीही केला. भित्रा माणूस नेहमी हेच सांगतो.

दुसऱ्या दिवशी आमच्यातला भीमाशंकर, ज्याचं संध्याकाळी कॉम्प्युटरचं दुकानही चालतं, तिच्याजवळ आला. "बाई, माझ्याकडं एक जुना पडलाय. तुमचं काम भागल. नवा घेऊन काय करता?"

जुना हा शब्द त्या बाईसमोर काढायचा नव्हता. मला तिने एकदा सांगितलं होतं. तिचे वडील दगडोबा एका मोठ्या शेतकऱ्याकडे राबायचे. घरात जे यायचं ते त्या वाड्यावरून उतरून यायचं, सदरा, चादर, चप्पल. पाचवीत तिला कंपासपेटी मिळाली, तिच्या झाकणावर खिळ्याने 'शेषेराव' कोरलेलं. सिंधुने ते दगडावर घासून घासून काढलं, तर पत्रा चमकायला लागला आणि मास्तरांनी वर्गात विचारलं, नवी दिसते गं, कुणाची उचललीस? तेव्हापासून तिने एक गाठ बांधली होती. टाइपरायटर सोडला तर घरात एक वस्तू जुनी नाही. कमी असेल, पण नवी असेल.

आणि नवी आहे हे कुणालाही दारातून दिसलं पाहिजे. म्हणून तिच्या घरात कशाचंच प्लास्टिक काढलेलं नव्हतं. फ्रिजच्या दारावरचा निळा पापुद्रा तसाच. खुर्च्यांवर कव्हर, बसलं की कर्रकर्र वाजायचं, उन्हाळ्यात पाठीला चिकटायचं. मिक्सरच्या बटणांवर, कपाटाच्या आरशावर, सगळीकडे. प्लास्टिक आम्हीही ठेवतो म्हणा, आमचा टीव्ही घेऊन चार वर्षं झाली तरी त्याच्या कडेची पट्टी तशीच आहे. पण आम्ही ठेवतो ते धूळ बसू नये म्हणून. ती ठेवायची साक्षीदार म्हणून. तिची आई सरजाबाई कुणी त्याला नख लावलं तरी ओरडायची.

तर सिंधुबाई नांदेडला गेली आणि सुटे भाग घेऊन आली. उदगीरला कॉम्प्युटरचा महिनाभराचा वर्ग केला होता तिने, तिथे उघडायला-जोडायला शिकवलं होतं. नांदेडचा दुकानदार म्हणाला, मी जोडून देतो. ही म्हणाली, "मीच जोडीन. उद्या बिघडला तर कुनाच्या दारात उभं राहायला नको." दुकानदाराने एक शहाणपणा केला. आपल्याकडचं ऊन लई, म्हणाला, आतल्या मेन चिपवर बसवायला मोठा पंखा घ्या. तिने तोही घेतला.

शनिवारी तिने तो जोडला. चालू केला तर पडद्यावर नुसतं 'नो सिग्नल' इकडून तिकडे फिरतंय. मी संध्याकाळी सहज डोकावलो, म्हणजे सहज नाही, हात खुपत होता म्हणून. बघतो तर बाई खोडरबर घेऊन बसलेली. मेमरीची पट्टी काढून तिचे सोनेरी दात खोडरबरने पुसून राहिली होती.

"हे काय पोरीचा गृहपाठ चाललाय का?" मी म्हणालो.

"वर्गात शिकवलंय, मामा. दात मळले की ते बोलत न्हाई."

पुसून पट्टी परत दाबून बसवली, दोन्ही बाजूंनी कट्-कट् वाजलं, आणि पडदा आला. सरजाबाईने देवळात घंटा वाजल्यावर जोडावेत तसे दोन्ही हात जोडले, मग आठवण झाल्यासारखे पटकन सोडले आणि भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीकडे बघून हसली. सिंधुबाईने लगेच बंद केला. लाइटीचा भरवसा नाही, म्हणाली, उद्या मंडळासमोरच लावू.

रविवारी सकाळी अकराला आम्ही तिघं गेलो. चन्नबसप्पा अप्पा, भीमाशंकर आणि मी. सरजाबाईने पाणी दिलं, अर्धा अर्धा ग्लास, त्या दिवसांत त्याची कुणाला लाज नव्हती. अप्पांनी मात्र तहान नाही म्हणून सांगितलं. त्यांना तहान का नव्हती ते त्या खोलीतल्या सगळ्यांना कळलं. मी दोन्ही ग्लास प्यालो. एवढंच त्या वेळी जमलं मला.

बाईने बटण दाबलं. पडदा उजळला. तिने टाइप करायला सुरुवात केली, 'विषय : टँकरबाबत', आणि दोन-तीन मिनिटं झाली असतील नसतील, पडदा काळा. 'नो सिग्नल.' तिने परत लावला. या वेळी अर्धं मिनिट. परत लावला. तेवढंही नाही.

भीमाशंकर पुढे वाकला, मॉनिटरवर टिचकी मारून म्हणाला, "मॉनिटर गेलेला हाय. जुना माल नवा म्हणून गळ्यात मारला तुमच्या. वरून प्लास्टिक लावतेत, लोकांला काय कळतंय?"

सरजाबाई म्हणाली, "नवा हाय! बघा की, प्लास्टिक हाय!"

"तेच म्हनून राहिलो," भीमाशंकर म्हणाला.

अप्पा उठले. "हे बघा बाई, ठराव म्हंजे ठराव. चालू पायजे. पाडव्यापासून तुम्ही भिंतीकडं बसा."

"आज कोनता वार हाय, अप्पा?"

"रविवार."

"आज संपला का?"

अप्पांनी माझ्याकडे बघितलं. आता माझ्या अंगात कुठून बळ आलं कोण जाणे, मी म्हणालो, "ठरावात आजचा दिवस हाय. पाच वाजता येऊ." अप्पांनी तोंड वाकडं केलं, पण हो म्हणाले. ते दोघं गेले. मी मागे राहिलो.

"मामा, तुमचा टीव्ही आना," सिंधुबाई म्हणाली.

"का?"

"तो म्हनून राहिला मॉनिटर खराब. बघू कोन खोटं हाय. लिंबाखाली बसून लोकांचं खोटं-खरं बावीस वर्षं लिवलं, माझ्याच घरात मी न्हाई का काढनार?"

मी घरी गेलो आणि बायको ओरडत असताना टीव्ही उचलून आणला. रविवारची मालिका होती तिची, अजून बोलते. कॉम्प्युटरची वायर टीव्हीला लावली. चित्र आलं. आणि मिनिटभरात गेलं. म्हणजे मॉनिटर सुटला बिचारा. वायर बदलली, तीच गत. सिंधुबाईने एक कागद घेतला, त्यावर अर्जासारखंच लिहीत गेली. मॉनिटर निर्दोष. वायर निर्दोष. लाइट? खोलीतला दिवा तर डोळा न मिचकावता जळतोय, म्हणजे लाइटही निर्दोष. मग तिने एक गोष्ट सांगितली जी कॉम्प्युटरचं दुकान चालवणाऱ्या भीमाशंकरच्याही ध्यानात आली नव्हती. पडदा जातो तेव्हा डब्यातली घरघरही थांबते.

"म्हंजे पडदा जात न्हाई, मामा. आतलाच जीव जातो. पडदा नुसता सांगून राहिला."

पण जीव का जातो? पट्टी पुन्हा पुसली. सगळे खटके पुन्हा दाबले. दहा वेळा लावला असेल, दहा वेळा मेला. एक वाजून गेला. बाई घामाने भिजलेली, खुर्चीचं प्लास्टिक पाठीला चिकटलेलं, उठली की चर्रर आवाज. मी मनात म्हणत होतो, भिंतीजवळ निदान एखादी ताडपत्री बांधून देऊ हिला. इतका मी कच्चा.

तेवढ्यात गल्लीत हाकाटी झाली, टँकर आला. सगळं टाकून पळालो. मीही एक घागर घेतली, माझी गल्ली वेगळी असली तरी. तो टँकर त्यांच्या वस्तीत येत होता तोही सिंधुबाईच्याच अर्जामुळे, तीन वेळा लिहिला होता तिने. पाऊण तास गेला. भांडणं झाली, एका बाईचा हंडा चेपला. परत आलो तर सरजाबाई ओल्या पदराने तोंड पुसत म्हणाली, "लाव की गं पुन्हा एकदा."

लावला. आणि या वेळी पडदा पुन्हा तीन मिनिटं राहिला.

आम्ही दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघतोय तोवर सरजाबाईच म्हणाली, "दमलं व्हतं ते. इसावा भेटला तर उठलं. तापून राहिलं असल, सिंधे. ऊन लागल्यावर मानूस असंच करतंय."

सिंधुबाई खाड्दिशी उठली. डब्याचं झाकण काढलं आणि त्या मोठ्या पंख्याखालच्या, चिपची उष्णता ओढून घेणाऱ्या पत्र्यांना हात लावला. मला म्हणाली, "लावा हात." मी घाबरत लावला. गार. म्हणजे खोलीतल्या तांब्याइतकाच, जास्त काही नाही. मग तिने माझं बोट पत्र्यांच्या खाली, चिपच्या कडेला नेलं. चटका बसला.

"चूल पेटलीय आन् तवा गार," ती म्हणाली. "मधी काहीतरी हाय."

तिने चार स्क्रू काढले, पंखा उचलून उलटा केला. खाली, बरोबर चिपला टेकतो तिथे, एक चिकट प्लास्टिकचा तुकडा होता. पारदर्शक, सुरकुतलेला. त्याच्यावर लाल अक्षरांत इंग्रजीत छापलं होतं की बसवण्याआधी हे काढा. चिपची उष्णता पत्र्यांपर्यंत पोचवणारा मलम तसाच त्याच्यामागे अडकून बसलेला.

मी म्हणालो, "वाचलं न्हाई का तुम्ही? तुम्ही तर लोकांचे कागद वाचता."

"वाचलं व्हतं," ती म्हणाली.

"मग?"

तिने पंखा उजेडाकडे तिरका केला. मग म्हणाली, "सगळ्याच प्लास्टिकवर लिवलेलं असतंय, काढा म्हनून. मी कधी काढलं? मला वाटलं, आत कोन बघनार, पन असू दे. आतून बी नवं हाय हे असू दे."

मला त्या वेळी फार वाईट वाटलं, आणि रागही आला. तिचा नाही. कंपासपेटीवर ज्याने नाव कोरलं त्याचा, वर्गात विचारणाऱ्या मास्तराचा, आणि वर केलेल्या माझ्या हाताचा. पन्नाशीला आलेली बाई, तालुक्याला ताठ बसायला शिकवणारी, आणि घरात चिपच्या पोटापर्यंत पुरावा जपून ठेवते!

तिने ते प्लास्टिक नखाने धरलं आणि ओढून काढलं. मलम बोटाने सारखा केला, पंखा बसवला, स्क्रू आवळले. लावला. पाच मिनिटं. दहा मिनिटं. पत्र्याला हात लावला तर तो आता कोमट, आणि त्याच्यावरून निघणारी हवाही. पंधरा मिनिटांनी मी नाचायचाच बाकी होतो. पण सिंधुबाई हसली नाही. ती उठली, फ्रिजजवळ गेली आणि त्याचा निळा पापुद्रा वरच्या कोपऱ्यातून धरून एका दमात खालपर्यंत फाडला.

"सिंधे!" सरजाबाई किंचाळली. "लोक म्हनतील, कुनाचं जुनं आनलं!"

"म्हनू दे."

मग खुर्च्या. मग मिक्सर. आरसा. मॉनिटरची पट्टी, कीबोर्डचं आवरण. खोलीत प्लास्टिकचा ढीग पडला गुडघ्याएवढा. सरजाबाई थोडा वेळ रडली, मग स्वतःच उठली आणि कपाटाच्या मुठीवरचं, जे लेकीच्या नजरेतून सुटलं होतं, ते दातांनी सोडवायला लागली.

पाचला अप्पा आणि भीमाशंकर आले. पडद्यावर टँकरचा अर्ज टाइप झालेला होता. अप्पा उभे राहून बघत राहिले. पाच मिनिटं, दहा मिनिटं, पडदा जाईल या आशेवर अर्धा तास. नाही गेला. भीमाशंकर वाकून वाकून बघत होता. शेवटी त्याने नेमकं तेच विचारलं.

"सकाळी प्लास्टिक होतं याला. आता न्हाई. बदलून आनला वाटतं कुनाचा तरी. नवा कशावरून?"

नांदेडचं बिल टेबलाच्या खणात होतं, मला ठाऊक होतं. मी खणाकडे हात नेला. सिंधुबाईने माझा हात धरून बाजूला केला.

"बिल हाय," ती म्हणाली. "दाखवनार न्हाई."

"का?" अप्पा म्हणाले.

"तुमच्या घरी मी आले व्हते का, अप्पा, तुमचं बघायला? ठरावात 'चालू' लिवलंय. चालू हाय. बसा, रातभर बसा, चालूच राहील. नवं का जुनं, ते मी आता कुनालाच सांगनार न्हाई. आयुष्यभर सांगितलं, बास झालं."

अप्पांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "ठरावात नवा हा शब्द न्हाई, अप्पा. मी हात वर केला व्हता, मला पाठ हाय. आन् तो हात मी आता खाली घेतो. बाकीच्या पाचांच्या घरी कधी जायचं बघायला?"

अप्पांनी टोपी नीट केली. "बरं बरं. बसा तुम्ही लिंबाखाली."

"बसतेच की," सिंधुबाई म्हणाली. "बावीस वर्षं झाली. पानी घ्या, अप्पा. आजच टँकर आलाय."

सरजाबाईने भरलेला ग्लास पुढे धरला. पूर्ण भरलेला. अप्पा दाराकडे बघत राहिले, म्हातारीचा हात काही मागे जाईना. मग अप्पांनी ग्लास घेतला. दोन घोट प्याले. मी मोजले.

जिल्हा अजून व्हायचाय. पाच जणांचे कॉम्प्युटर ठरवलेत ते अजून यायचेत, आणि ते पाचही जण सावलीतच बसतात, तो वेगळा विषय. सिंधुबाई घरी टाइप करून कागद आणते आणि लिंबाखाली बसून सह्या घेते. परवा मी तिच्याकडे गेलो होतो. तिच्या कीबोर्डवरची अक्षरं पुसून गेली आहेत. 'म' तर पार गेलाय, मागणीतला. मी म्हणालो, "बाई, हे आता लई जुनं झालं, नवं घ्या."

तिने त्या गुळगुळीत झालेल्या बटणावरून बोट फिरवलं.

"झालं ना जुनं?" ती म्हणाली. "माझ्या हातानं झालं, मामा."